चावी चालू राहिली, बॅटरी उतरली: जुन्या गाडीत आधी कॉइल बघा

लक्षणं ठरलेली आहेत. सकाळी सेल्फ मारायला जावं तर नुसता 'टक' आवाज येतो, कधी तेवढाही नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणत असतो आणि मग लक्षात येतं की चावी काल संध्याकाळपासून चालूच आहे. कोणाच्या तरी गाडीवरून जंपर लावला जातो, गाडी सुरू होते, विषय मिटतो. पुढे काही आठवड्यांनी तीच गाडी भर उन्हात, इंजिन चांगलं तापल्यावर, सिग्नलला बंद पडायला लागते. मग पेट्रोल पंप बदला, कार्बोरेटर खोला, पाइपला ओलं फडकं गुंडाळा, असं सगळं सुरू होतं. त्या रात्रीच्या चावीचा या बंद पडण्याशी संबंध असेल हे कोणाच्या डोक्यातही येत नाही.

बऱ्याचदा तो असतो. बॅटरी उतरलेली दिसते म्हणून आपण बॅटरीच्या मागे लागतो. खरा मार कॉइलने, म्हणजे बॅटरीच्या करंटपासून ठिणगी तयार करणाऱ्या तेलभरल्या डब्याने, खाल्लेला असतो आणि ती लगेच तक्रार करत नाही.

हे सगळं लागू आहे ते कॉइल आणि सीबी पॉइंटवर (कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांवर) चालणाऱ्या पेट्रोल गाड्यांना: कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातली फियाट ११०० आणि पद्मिनी, उत्तरपाड्याची पेट्रोल अॅम्बॅसेडर, मॉरिस मायनर, आणि त्या पिढीतलं बाकी बरंच काही. इंजिन बंद आहे हे ओळखून कॉइलचा करंट आपणहून तोडण्याची अक्कल या गाड्यांना दिलेली नाही. चावी चालू म्हणजे चालू.

आत नेमकं काय होतं

साध्या १२ व्होल्टच्या कॉइलच्या प्रायमरीचा, म्हणजे बॅटरीच्या बाजूच्या वेढ्यांचा, रेझिस्टन्स साधारण ३ ओहम असतो. १२ ला ३ ने भागा, ४ अँपिअर आले. म्हणजे ४८ वॉट. इंजिन चालू असताना पॉइंट सतत उघडमीट करतात, त्यामुळे सरासरी करंट बराच कमी पडतो आणि पंख्याची हवाही लागत असते. इंजिन बंद आणि पॉइंट मिटलेले अशी अवस्था आली की हे ४८ वॉट अखंड त्या बंद डब्यात जिरतात. घरचे दोन सोल्डरिंग आयर्न तेलाच्या डब्यात बुडवून रात्रभर चालू ठेवले तर जे होईल, साधारण ते होतं. तेल तापतं, तारेवरचं इनॅमल कडक होऊन तडकतं, डब्याच्या तोंडाशी असलेलं सील ढिलं पडतं. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलच्या आधी जोडलेला, करंट आवरणारा रेझिस्टर) असलेल्या गाडीत कॉइल दीड ओहमची आणि बॅलास्ट जवळपास तेवढाच. एकूण करंट तोच, फक्त उष्णता दोघांत वाटली जाते. तिथे बॅलास्टला हात लावू नका, चटका बसतो.

यातली महत्त्वाची अट म्हणजे 'पॉइंट मिटलेले'. इंजिन थांबताना पॉइंट उघडे राहिले असतील तर कॉइलमधून काहीच वाहत नाही. चार सिलिंडरच्या लुकास कंपनीच्या डेल्कोत, म्हणजे पॉइंट ज्यात बसतात त्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, दर ९० अंशांपैकी सुमारे ६० अंश पॉइंट मिटलेले असतात. म्हणजे नुसत्या हिशेबाने तीनपैकी दोनदा नशीब वाईट. इंजिन कुठे थांबतं हे कॉम्प्रेशनवरही अवलंबून असतं, त्यामुळे हिशेब तंतोतंत जुळणार नाही, पण अंदाज येतो.

म्हणूनच एकजण सांगतो, 'माझी चावी रात्रभर चालू होती, सकाळी एका सेल्फला गाडी सुरू झाली, काही होत नाही हो', आणि दुसऱ्याची कॉइल चार-पाच तासांत तेल गाळते. दोघंही खरंच बोलत असतात. पहिल्याचे पॉइंट उघडे होते. त्याच्या बॅटरीतून फक्त दोन-तीन छोटे दिवे आणि पेट्रोलचा काटा चालला, जेमतेम अर्धा अँपिअर. एवढ्यावर ४० अँपिअर-तासांची चांगली बॅटरी तीन दिवससुद्धा तग धरेल. दुसऱ्याकडे साडेचार-पाच अँपिअर वाहत होते. ती बॅटरी कागदावर आठ तासांत आणि प्रत्यक्षात त्याच्या आधीच झोपते.

तेव्हा बॅटरी हा पुरावा आहे, तो नीट वाचा. रात्रभर चावी चालू राहूनही बॅटरी बऱ्यापैकी शाबूत असेल तर कॉइलला बहुधा धक्का लागलेला नाही. बॅटरी पार बसली असेल तर तेवढा सगळा वेळ कॉइल भाजत होती असं धरून चाला.

चावी चालू सापडल्यावर काय करायचं

चावी बंद करा आणि सेल्फ मारू नका. निदान लगेच तरी नाही. बोनेट उघडा आणि आधी वास घ्या. जळक्या डांबराचा किंवा तापलेल्या ट्रान्सफॉर्मरसारखा वास आला तर कॉइलची बातमी आहे. हाताची मागची बाजू कॉइलच्या जवळ न्या, थेट पकडू नका. डबा फुगलाय का, काळ्या टोपीच्या कडेने तेल पाझरलंय का, खालच्या क्लॅम्पवर ओघळ आहे का, हे टॉर्च मारून बघा. यातलं एक जरी दिसलं तरी ती कॉइल गाडीत ठेवण्याजोगी राहिलेली नाही, मग ती आज ठिणगी देत असली तरी. काही दिसलं नाही तर पूर्ण थंड होऊ द्या. तासभर तरी.

पेट्रोलचा वास आला तर प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर. मॉरिस मायनरसारख्या काही गाड्यांत एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप असतो आणि तो चावीवर चालतो. कार्बोरेटर भरला की तो टिकटिक थांबवून गप्प बसायला हवा. कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची नीडल नीट बसत नसेल तर तो अधूनमधून टिकटिकत राहतो आणि पेट्रोल ओव्हरफ्लोमधून बाहेर, नाहीतर सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतं. अशा गाडीत आधी डिपस्टिक काढून हुंगा. ऑइल पातळ लागलं, पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन फिरवूच नका. पद्मिनी आणि अॅम्बॅसेडरचा पंप सहसा इंजिनवर चालणारा मेकॅनिकल असतो, तिथे ही भीती नाही.

बॅटरीचं म्हणाल तर व्होल्टेज मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ किंवा खाली म्हणजे रिकामी. रिकामी लेड-अॅसिड बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि मग ती पूर्वीसारखी भरत नाही, त्यामुळे चार्जिंग त्याच दिवशी करा. क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ४० च्या बॅटरीला ४ अँपिअरने, दहा-बारा तास. पाण्याची बॅटरी असेल तर आधी डिस्टिल्ड वॉटर प्लेटा बुडेपर्यंत घाला, पूर्ण पातळीपर्यंत चार्जिंगनंतर. खोली हवेशीर असू द्या, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

'गाडी सुरू करून एक फेरी मारून या, बॅटरी होईल चार्ज' हा सल्ला डायनामोच्या (अल्टरनेटरच्या आधीच्या जुन्या जनरेटरच्या) गाडीला देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. लुकासचा सी-४० डायनामो जोरात फिरला तरी २२ अँपिअरच्या आसपास थांबतो आणि आयडलला जवळजवळ काहीच देत नाही. रिकाम्या बॅटरीने तो सगळा करंट मागितला की डायनामो आणि कटआउट (डायनामो व बॅटरी यांना आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) दोघांचीही दमछाक होते. चार्जर स्वस्त पडतो.

जंपर लावायचाच असेल तर एक गोष्ट आधी बघा. जुन्या ब्रिटिश वळणाच्या बऱ्याच गाड्यांत प्लस अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला. केबल प्लसला प्लस आणि मायनसला मायनस अशीच लावायची, पण 'शेवटचा चिमटा बॉडीला' हा सवयीचा नियम इथे उलटा होतो, म्हणजे बॉडीला मायनसचा नाही, प्लसचा चिमटा जातो. आणि दुसरी गाडी मायनस अर्थची असेल तर दोघींच्या बॉडी एकमेकींना टेकल्या की थेट शॉर्ट. बॅटरी ६ व्होल्टची नाही ना, हेही डोळ्यांनी बघून घ्या.

हँडलची (पुढून हाताने इंजिन फिरवायची) सोय असलेल्या गाडीवाल्यांना एक पळवाट आहे. सेल्फला शंभराहून जास्त अँपिअर लागतात, कॉइलला चारच. त्यामुळे सेल्फ फिरवू न शकणारी अर्धमेली बॅटरीही ठिणगी देऊ शकते आणि हँडल मारून गाडी सुरू होते. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, हँडलभोवती वळवू नका. उलट फटका बसला तर अंगठा जातो.

कॉइल आणि पॉइंट तपासणं

थंड कॉइलची दोन्ही वायर काढून मल्टिमीटर लावा. जुन्या लुकास कॉइलवर ही टर्मिनलं एसडब्ल्यू आणि सीबी अशी लिहिलेली असतात, नंतरच्यांवर प्लस-मायनस. बिन-बॅलास्ट कॉइलला ३ ओहमच्या आसपास यायला हवं. स्वस्त मीटरच्या वायरींचाच अर्धा ओहम असतो, तो आधी टोकं एकमेकांना टेकवून मोजा आणि वजा करा. आकडा दोन-सव्वादोनपर्यंत उतरला असेल तर आतले काही वेढे एकमेकांत शॉर्ट झालेत. अशी कॉइल जास्त करंट खेचते, स्वतः अजून तापते आणि पॉइंटही जाळते. मधल्या हायटेन्शन टोकापासून प्रायमरीपर्यंत काही हजार ओहम हवेत. मीटरने काहीच दाखवलं नाही तर सेकंडरी, म्हणजे ठिणगीच्या बाजूचे वेढे, तुटलेली आहे.

पण मीटरवर पास झालेली कॉइल खरंच पास असते असं नाही. भाजलेल्या कॉइलचं दुखणं गरम झाल्यावरच वर येतं. तार फुगते, तडकलेल्या इनॅमलमधून वेढे टेकतात, ठिणगी पिवळी आणि मरतुकडी होते, गाडी बंद. बोनेट उघडून अर्धा तास उभं राहिलं की गाडी पुन्हा सुरू, आणि सगळे म्हणतात 'व्हेपर लॉक', म्हणजे उष्णतेने पाइपातल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडला. दोन्हीची लक्षणं इतकी सारखी आहेत की नुसतं बघून सांगता येत नाही, पण वेगळं करणं सोपं आहे. गाडी बंद पडली की लगेच, थंड व्हायच्या आत, डेल्कोच्या टोपीतून मधली लीड काढा, तिचं टोक लाकडी चिमट्याने किंवा सुक्या जाड फडक्यात धरून ब्लॉकपासून पाचेक मिलिमीटरवर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. जवळपास पेट्रोल सांडलेलं नाही हे आधी बघा. निळी, कडकडीत ठिणगी आली तर पेट्रोलकडे जा. पिवळी आली किंवा आलीच नाही तर कॉइल नाहीतर पॉइंटला जोडलेला कंडेन्सर. त्यासाठी डिकीत चालू असलेली एक जुनी कॉइल ठेवा. तिथेच रस्त्यावर बदलून पाहिल्यावर वाद उरत नाही.

नवी कॉइल घेताना दुकानदार 'सगळ्याला चालते' म्हणून देतो ती घेण्याआधी काउंटरवरच ओहम मोजा. दीड ओहमची बॅलास्टवाली कॉइल बॅलास्ट नसलेल्या गाडीला लावली तर करंट दुप्पट होतो, आणि मग चावी चालू राहण्याचीही गरज नाही, ती रोजच्या वापरातच जाते. मुंबईत पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या तोवर असले बारकावे माहीत असलेला वायरमन नाक्यावर भेटायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. आता मीटर आपणच जवळ बाळगलेला बरा.

पॉइंटचं काम त्यामानाने थोडक्यात. टोपी काढा, पॉइंट स्क्रू ड्रायव्हरने हलकेच उघडा. तोंडं निळसर-काळी दिसली तर बारीक फाइलने साफ करून पेट्रोलच्या फडक्याने पुसा, टेंगूळ आणि खड्डा पडला असेल तर बदला. अॅम्बॅसेडरच्या लुकास डेल्कोला गॅप ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिमी. बाकीच्यांनी आपापलं मॅन्युअल बघावं. पॉइंट बदलताना कंडेन्सरही बदला.

पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवलं असेल तर निश्चिंत होऊ नका. सुरुवातीच्या पिढीची बरीच किटं इंजिन बंद आणि चावी चालू या अवस्थेत स्वतःच जळतात. नंतरची काही किटं करंट आपणहून तोडतात. तुमचं कुठलं आहे ते त्याच्या कागदात लिहिलेलं असतं.

हे वारंवार का होतं

एकदा झालं तर विसरभोळेपणा म्हणून सोडून देता येतं. पुन्हा पुन्हा होत असेल तर गाडीकडे बघा. माझ्या मते घरातल्या माणसांना बोलण्यात अर्थ नाही, कारण बहुतेक वेळा गाडीनेच इशारा देणं बंद केलेलं असतं.

पहिला संशयित म्हणजे चार्जिंगचा लाल दिवा. चावी चालू आणि इंजिन बंद असताना तो लागलाच पाहिजे. बल्ब उडालेला असतो, नाहीतर होल्डर गंजलेला, आणि गाडी त्याच्याशिवायही व्यवस्थित चालते म्हणून वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. नवा बल्ब टाका, काच आतून पुसा.

दुसरा, आणि सगळ्यात फसवा, म्हणजे झिजलेलं कुलूप. नव्या कुलपात चावी फक्त बंद स्थितीतच बाहेर येते. पन्नास वर्षं वापरलेल्या कुलपात आतल्या पत्त्या आणि चावीचे दात असे गुळगुळीत होतात की चालू स्थितीतही चावी अलगद हातात येते. माणूस चावी खिशात टाकून निर्धास्त घरी जातो. आपल्या गाडीत हे होतं का ते आत्ताच बघा: चावी चालू करा आणि हलकेच ओढा. आली तर कुलूप गेलं. झिजलेल्या चावीवरून डुप्लिकेट काढून उपयोग नाही, झीजही हुबेहूब कॉपी होते. बऱ्याच ब्रिटिश गाड्यांच्या कुलपाच्या तोंडावर चावीचा नंबर कोरलेला असतो, त्या नंबरावरून चावी कापून घ्या.

कधीकधी कुलूप ठीक असतं आणि मागचा स्विच बिघडलेला असतो. चावी 'बंद'वर येते, आतला पितळी तुकडा मात्र चिकटून राहतो. चावी बाहेर काढून टेस्ट लॅम्पचं एक टोक कॉइलच्या एसडब्ल्यूवर आणि दुसरं अर्थला लावा. दिवा लागता कामा नये. चावी परत घालून बंद स्थितीत थोडी हलवा, दिवा लुकलुकला तर स्विच बदला. हाच दिवा चावी चालू करून सीबी टर्मिनलवर लावलात तर पॉइंटही कळतात: लागला तर उघडे, नाही लागला तर मिटलेले.

मग टेप. या गाड्यांच्या जुन्या स्विचवर 'नुसता रेडिओ' अशी वेगळी जागा बहुधा नसते आणि वायरमन टेपची वायर इग्निशनवरच टाकतो. मग गाणी ऐकायला चावी चालू ठेवावी लागते आणि इकडे कॉइल शिजते. टेपला फ्यूज लावून थेट बॅटरीवरून वेगळी लाइन द्या.

जुन्या डिझेल गाड्यांत इंजिन नॉब ओढून बंद करायचं असतं, त्यामुळे चावी राहून जाण्याची शक्यता जास्त. तिथे कॉइलच नाही, नुकसान बॅटरीपुरतंच.

आणि एक सोंगाड्या: चिकटलेला कटआउट. चावी बंद असूनही बॅटरी रात्रीत, कधी तासाभरात बसते, कारण ती उलटी डायनामोत रिकामी होत असते. खूण म्हणजे डायनामो बंद गाडीतही कोमट-गरम लागतो. इथे करंट मोठा असतो आणि वायर जळू शकते, म्हणून लगेच बॅटरीची केबल काढा. खात्रीसाठी केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये ५ वॉटचा बल्ब जोडा. सगळं बंद असताना तो अंधारात राहिला पाहिजे, लख्ख लागला तर गळती मोठी आहे.

गाडीला बोलतं करायचं

यावर मला सगळ्यात पटलेला इलाज म्हणजे छोटा बझर. ज्या गाडीत ऑइल प्रेशरचा लाल दिवा आहे तिथे तर काम सोपं आहे. ऑइल स्विच प्रेशर नसताना अर्थ देतो, प्रेशर आलं की तोडतो. बझरची एक वायर चावीवर येणाऱ्या फ्यूजच्या लाइनला, दुसरी ऑइल स्विचच्या टर्मिनलला, दिव्याच्या जोडीने. चावी चालू आणि इंजिन बंद, की बझर वाजतो. इंजिन सुरू झालं की दोन सेकंदांत गप्प. वर रस्त्यात ऑइल प्रेशर गेलं तर तेव्हाही वाजेल, आणि तो फायदा चावीपेक्षा मोठा आहे. लुकासच्या रंगसंगतीत तपकिरी वायर म्हणजे थेट बॅटरी, पांढरी म्हणजे चावीनंतरची पण फ्यूजशिवाय, आणि हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून आलेली. तुम्हाला हिरवी हवी. कॉइलचा सप्लाय पांढऱ्यावर असतो, म्हणून कॉइल कितीही भाजली तरी या गाड्यांत फ्यूज उडत नाही. प्लस अर्थची गाडी असेल तर बझरच्या वायर उलट्या जोडा.

डॅशबोर्डला भोक पाडू नका. बझर मागे चिकटपट्टीने बसतो, आणि पुढेमागे विंटेज म्हणून नोंदणी करायची असेल तर गाडी मूळ रूपात असल्याचा मुद्दा निघतोच.

गॅरेजमध्ये काम करताना चावी चालू ठेवावीच लागत असेल, काटे तपासायला किंवा इंडिकेटरची वायर शोधायला, तर कॉइलच्या एसडब्ल्यूची वायर काढून टोकाला टेप गुंडाळून ठेवा. तेवढाही कंटाळा असेल तर डेल्कोची टोपी काढून मिटलेल्या पॉइंटमध्ये पोस्टकार्डाचा तुकडा सरकवा. काम झाल्यावर तो काढा मात्र, नाहीतर ठिणगी का येत नाही म्हणून पुढचा तास पुन्हा कॉइलवरच जाईल.